रात्रीचे टपाल

छंद जितका निरुपद्रवी, तितका तो दुसऱ्याला समजावून सांगणे कठीण जाते. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो म्हटले तर ऐकणारा मान डोलावतो. कोणी गुलाब लावतो म्हटले तर एखादे कलम मागतो. पण मी चिंचवडात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत बसून, आठवड्यातून एकदा मुंबईहून नागपूरला विमानाने टपाल नेतो, आणि ते विमान १९३५ साली प्रथम उडालेल्या जातीचे असते, असे सांगितले की ऐकणारा आधी माझ्याकडे पाहतो आणि मग माझ्या पत्नीकडे. तिच्या चेहऱ्यावर त्याला जे काही दिसते त्याने त्याचे समाधान होत असावे. बोलणे पावसापाण्याकडे वळते.

प्रकार थोडक्यात असा. संगणकावर विमान चालवण्याचा एक कार्यक्रम असतो. त्याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. मायक्रोसॉफ्टने तो १९८२ साली प्रथम बाजारात आणला तेव्हा पडद्यावर चार रेघा आणि काही घड्याळे, एवढाच त्याचा संसार होता. आज त्याच नावाच्या कार्यक्रमात उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून सारी पृथ्वी उभी केलेली आहे. लोहगावकडून पश्चिमेला यावे तर खाली आधी इंद्रायणी आणि मग पवना दिसते. भोसरीची पत्र्याची छपरे शेकड्यांनी दिसतात. आणि नेटाने शोधले तर आमच्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावरची काळी टाकीसुद्धा सापडते. आपल्याच डोक्यावरून आपण विमान नेत आहोत आणि खाली आपण बसलो आहोत, हा विचार पहिल्या दिवशी मला फार गमतीचा वाटला होता. आता सवय झाली.

हौशी लोक एवढ्यावर थांबत नाहीत. ते विमान कंपन्या काढतात. या कंपन्यांना व्हर्च्युअल एअरलाइन म्हणतात. आमचीही एक आहे. तिच्याजवळ विमान नाही, कचेरी नाही, भांडवल नाही आणि पगार तर नाहीच नाही. पण वेळापत्रक आहे, हुद्दे आहेत, नियम आहेत आणि उड्डाणांची वही आहे. नव्या माणसाला प्रथम दुय्यम वैमानिक म्हणून घेतात. ठरावीक तास उडाल्यावर बढती मिळते. प्रत्येक फेरीचा अहवाल द्यावा लागतो: किती वाजता निघालो, किती पेट्रोल जाळले, चाके जमिनीला किती वेगाने टेकली. उतरताना विमान आपटले तर ते लपवता येत नाही, कारण संगणकच त्याची नोंद करून पाठवतो. आमच्यात भोसरीचा एक डायमेकर आहे, निगडी प्राधिकरणातील एक निवृत्त शिक्षिका आहेत, चाकणला मोटारींच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण आहे आणि नागपूरचे एक गृहस्थ आहेत, ज्यांनी आयुष्यभर टपालखात्यात काढले. आम्ही बुधवारी रात्री उडतो. इथल्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. पुण्याचा रविवार पिंपरी-चिंचवडला गुरुवारी उगवतो.

कधीकधी आम्हांला खाली नियंत्रकही मिळतो. व्हॅटसिम नावाचे एक जगभरचे जाळे २००१ पासून चालू आहे. त्यात काही हौशी लोक विमाने उडवतात आणि काही हौशी लोक तितक्याच गंभीरपणे त्यांना वाट देतात. मुंबईवर दाटी झाली की आमच्या डाकोटाला, मागून येणाऱ्या वेगवान जेटना अडथळा नको म्हणून, कडेला घिरट्या घालायला लावतात. मला तो अपमान वाटत नाही. रस्त्यावर बैलगाडी कडेनेच चालते.

"आजोबा गेम खेळतात," असे शेजारची मुलगी म्हणते. खरे तर तिचे बरोबर आहे. पण या खेळाचे कुळ मोठे आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा एक तरुण होता. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकायला तासागणिक पैसे पडत आणि ते त्याला परवडत नव्हते. तेव्हा त्याने कारखान्यातले भाते, झडपा आणि हवेच्या नळ्या वापरून एक लाकडी पेटी तयार केली. तिच्यात बसून दांडा हलवला की पेटी डावी-उजवीकडे झुकायची, नाक वर-खाली करायची. हे १९२९ च्या सुमाराचे. पुढे १९३४ साली अमेरिकी सैन्याने, टपाल नेणारे आपले वैमानिक खराब हवेत एकामागून एक मरू लागले तेव्हा, अशा सहा पेट्या विकत घेतल्या. आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांनी तिच्यात बसून आंधळे उड्डाण शिकून घेतले. म्हणजे आपल्या भजनी मंडळाची बाजाची पेटी आणि माझा सिम्युलेटर ही भात्याच्या नात्याने एकमेकांची चुलतभावंडे होत. पत्नीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग पेटीच घ्यायची होती. निदान देवापुढे वाजवली असती."

तरीही दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, माझ्या व्हर्नियरच्या आणि मायक्रोमीटरच्या शेजारी विमानाच्या दांड्यालाही हळदकुंकू लागते आणि झेंडूचे फूल मिळते. ते तीच वाहते.

आमच्या कंपनीचा नियम असा की जेट युगाच्या आधीची विमाने शक्यतो उडवायची. फार तर पहिल्या पिढीची जेट. एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान, 'मलबार प्रिन्सेस', ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनीव्हामार्गे लंडनला गेले. ते लॉकहीड कॉन्स्टेलेशन होते: माशासारखे बाकदार अंग आणि शेपटीला तीन उभी पंखे. इतके देखणे प्रवासी विमान नंतर झाले नाही असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि मी त्यांतला आहे. पण ते नाजूक स्वभावाचे आहे; चारी इंजिनांची उष्णता एकसारखी सांभाळावी लागते, जरा दुर्लक्ष झाले की रुसते. इंडियन एअरलाइन्सकडे १९५७ पासून आलेले व्हायकाउंट अगदी निराळे, मऊ आवाजाचे, मोठ्या लंबगोल खिडक्यांचे. त्यात बसल्यावर आपण जेवणाच्या टेबलाशी नीट बसलो आहोत असे वाटते. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आले आणि दोनच वर्षांत त्या कंपनीचा सारा ताफा जेटचा झाला. ७०७ उडवताना हाताला काम कमी आणि डोक्याला घाई जास्त.

या सर्वांत मला जवळचे वाटते ते डाकोटा. त्याचे इंजिन सुरू करणे हा एक संस्कारच आहे. टाकी निवडायची, पंपाने दाब आणायचा, स्टार्टरची कळ धरायची आणि पात्याच्या फेऱ्या मोजायच्या, मग मॅग्नेटो. चौदा सिलिंडरांपैकी आधी दोन-तीन खोकतात, मग सगळीच एकदम बोलू लागतात, आणि बाजूने धुराचा एक लोट निघून जातो. मग मिश्रणाचा दांडा पुढे. तेलाचा दाब वर येतो की नाही ते पाहायचे; तेल गरम झाल्याशिवाय हलायचे नाही. विमान शेपटीच्या चाकावर बसलेले असते, म्हणून नाक आकाशाकडे आणि समोरची वाट दिसत नाही. नागमोडी चालत, एकदा या खिडकीतून आणि एकदा त्या खिडकीतून पाहत धावपट्टीपर्यंत जायचे. हे सगळे मला ओळखीचे वाटते. आयुष्यभर मी यंत्रांना असेच, त्यांच्या कलाने, सकाळी जागे केले आहे.

आणि डाकोटाबरोबर ती रात्रीची फेरी येते.

१९४९ सालच्या जानेवारीत, रफी अहमद किडवाई दळणवळणमंत्री असताना, देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. तिची रचना इतकी साधी होती की आधी कोणाला सुचली नाही याचेच नवल वाटावे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि ती चारही मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येऊन भिडत. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची: दिल्लीच्या थैल्या दिल्लीच्या विमानात, मद्रासच्या मद्रासच्या. उतारूही उतरून पाय मोकळे करीत आणि आपापले विमान धरीत. मग चारही विमाने आल्या वाटेने परत, आणि उजाडताना घरी. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटले जाई. त्याच वर्षी साधी पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजनाही आली. म्हणजे कारकुनाच्या आईचे पत्र आणि शेटजींची हुंडी एकाच डाकोटात, एकाच भाड्यात. अमेरिकेतील फेडएक्स कंपनीने मेंफिस गावी सगळी विमाने रात्री एकत्र आणून पार्सले बदलण्याचा धंदा १९७३ साली सुरू केला. त्याची कीर्ती जगभर झाली. नागपुरात तेच काम त्याच्या चोवीस वर्षे आधी होत होते, आणि नागपूरबाहेर आज फारच थोड्यांना ते ठाऊक आहे.

आम्ही बुधवारी रात्री हीच फेरी करतो. चौघे चार शहरांतून निघतो. कोणी कुठून निघायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरते. माझ्या वाट्याला बहुधा मुंबई येते. सांताक्रूझ सोडले की ठाण्याची खाडी, मग कल्याणचे दिवे, आणि मग एकदम काळोख. तो काळोख म्हणजे सह्याद्री. डाकोटा धापा टाकत उंची घेते आणि माळशेजच्या, हरिश्चंद्रगडाच्या अंगाने आम्ही देशावर येतो. पुढे तासाभराने डाव्या हाताला छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद; मग जालना; मग वऱ्हाडाचा लांबच लांब पट्टा; आणि शेवटी वर्ध्याच्या पलीकडे नागपूरची प्रभा. सुमारे सातशे किलोमीटर. पावणेतीन-तीन तास लागतात. दिशा दाखवायला रेडिओची एक सुई असते, ती पुढच्या केंद्राकडे बोट करून राहते. खऱ्या वैमानिकांना पावसाळ्यात ही सुई दगा देत असे: जवळ वीज कडाडली की ती केंद्र सोडून विजेकडे वळे.

एक विसंगती मात्र मला दर वेळी जाणवते. विमान १९४९ चे, पण खालचे दिवे आजचे. डाकोटाच्या पंखाखाली समृद्धी महामार्ग असतो, मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, जो २०२५ साली पुरता खुला झाला. किडवाईंच्या वैमानिकांना या प्रदेशात क्वचित कुठे एखादे स्टेशन मिणमिणताना दिसले असेल. तो अंधार मला मिळत नाही. तो आता कोणालाच मिळायचा नाही.

नागपूरचे गृहस्थ आमच्या सगळ्यांच्या आधी सोनेगावला उतरून बसलेले असतात. ते दिल्ली घेवोत की मद्रास, त्यांना वेळ चुकलेली खपत नाही. मी चार मिनिटे उशिरा उतरलो की कानातल्या यंत्रातून त्यांचा खोल आवाज येतो, "मुंबई मेल, चार मिनिटं लेट. थैल्या खोळंबल्या आहेत."

थैल्या! थैल्या नसतात हो. आमच्या विमानात एक पोस्टकार्डसुद्धा नसते. कोणाची आई वाट पाहत नसते, कोणाचा मुलाखतीचा कागद अडलेला नसतो. मग चार मिनिटांसाठी तीन तास जीव टाकण्याचे कारण काय? हा प्रश्न पत्नीने मला विचारला आहे, शेजाऱ्यांनी विचारला आहे आणि रात्री दोन वाजता, परतीच्या वाटेवर इंजिनांची घरघर ऐकत असताना, मी स्वतःलाही विचारला आहे.

काही दिवस मी असे उत्तर देत असे की यात करमणूक आहे, आणि करमणुकीला कारण लागत नाही. पण ते उत्तर एका रात्री पुरेनासे झाले. त्या रात्री माझ्या वाट्याला चिठ्ठीत मद्रास आले होते. नागपूरला थैल्या बदलल्याचे नाटक आटोपून आम्ही चौघे परत निघायच्या बेतात होतो. तेव्हा टपालखात्यातले गृहस्थ म्हणाले, "मद्रास मेल, जरा सांभाळून निघा." आणि त्यांनी सांगितले. १९५३ च्या डिसेंबरात रात्रीच्या टपालाचे एक डाकोटा याच सोनेगावहून मद्रासकडे निघाले आणि जमीन सोडल्यावर थोड्याच वेळात कोसळले. चौदा माणसांपैकी तेरा गेली. वैमानिक तेवढा वाचला.

माझ्यापुढे तीच धावपट्टी होती. माझ्या कळफळ्यावर एक कळ आहे, ती दाबली की सारे जग जागच्या जागी थांबते, विमान हवेत टांगून राहते. आपण उठून पाणी पिऊन येतो. आपटलेच तर पडदा काळा होतो आणि विचारणा होते, पुन्हा सुरुवात करायची का? मी त्या रात्री ती कळ दाबली नाही, आणि खोटे कशाला सांगू, घाबरलोही नाही. घाबरण्यासारखे काही नव्हतेच. पण यादीतली प्रत्येक ओळ मी मोठ्याने वाचली आणि प्रत्येक दांड्याला हात लावून पाहिला. शेपटीचे चाक कुलपात. मिश्रण पुढे. पात्यांचा कोन. दोन्ही इंजिनांचा दाब सारखा. ज्यांनी ही यादी पहिल्यांदा लिहिली त्यांनी ती कोणाच्या तरी मरणानंतर लिहिली असणार, हे मला तेव्हा प्रथम कळले. विमानविद्येतली पुष्कळशी वाक्ये अशीच लिहिली गेली आहेत. वाचताना ती कोरडी वाटतात.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की आम्ही टपाल नेत नाही हे खरे, पण ते कसे नेत असत हे मात्र नेतो. पुस्तकात कामाचा क्रम राहतो. पण कोणत्या दांड्यावर हात किती वेळ रेंगाळायचा, डोळा कोणत्या घड्याळावरून कोणत्या घड्याळाकडे जायचा, हे हाताला आणि डोळ्यालाच ठाऊक असते, आणि ते केल्याशिवाय टिकत नाही. शाहीर गेला तरी पोवाडा कागदावर राहील. डफावरची थाप राहायची नाही.

हे मी चाकणच्या त्या तरुणाला एकदा सांगितले. तो मोटारींच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला असतो आणि बुधवारी रजा टाकून उडतो. त्याच्या गावाला विमानाचे वेड तसे जुनेच. पुण्याचा नवा विमानतळ चाकण-राजगुरुनगरच्या बाजूला होणार, असे कितीतरी वर्षे चालले होते; जागा बघून झाल्या, शेतकऱ्यांचे मोर्चे निघाले, आणि शेवटी २०१६ साली पुरंदरचे नाव पुढे आले. "काका, चाकणला विमान आलं नाही. म्हणून मीच आणलं," असे तो म्हणतो. त्याच्या कारखान्यात वेल्डिंगचे काम यंत्रमानव करतात. तो त्यांच्याकडे लक्ष ठेवतो. हाताने तो दिवसभरात फक्त कळा दाबतो. डाकोटाचे जड दांडे ओढताना त्याला जो आनंद होतो त्याचे मूळ इथे असावे असा माझा तर्क आहे.

ते दांडे मी केले आहेत. बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे, हलके, खेळण्यासारखे. त्यांना ओढ नाही. भोसरीच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बसून मी अॅल्युमिनियमचा दांडा लेथवर काढला, पितळी बुश बसवले आणि घर्षण इतके ठेवले की हात सोडला तरी दांडा जागचा हलू नये. आमच्यातल्या सहा जणांकडे आता तेच आहेत. चाकणच्या पोराने ते पहिल्यांदा हातात धरले आणि विचारले, "काका, हे कशावर केलंत?"

"लेथवर."

"सीएनसी?"

"नाही रे. साध्या. आणि बुश कॅप्स्टनवर."

"कॅप्स्टन म्हणजे?"

भोसरीपासून चाकण वीस-पंचवीस किलोमीटर असेल. मोटारीच्या कारखान्यात काम करणारा हुशार मुलगा, इंजिनिअरिंगची पदविका घेतलेला, आणि त्याने कॅप्स्टन लेथ पाहिलेला नव्हता. मला वाईट वाटायचे कारण नव्हते. मी त्याच्या वयाचा असताना मला तरी पाणचक्की कुठे ठाऊक होती? पण या यंत्रावर मी चौतीस वर्षे काढली. सहा बाजूंचा टरेट, त्यात सहा हत्यारे बसवलेली. चाक फिरवले की एकेक पुढे येते, आपले काम करून मागे जाते. पहिले तोंड घेते, दुसरे भोक पाडते, तिसरे आटा. नीट सेटिंग केले तर मिनिटाला एक जॉब पडतो. या गावाच्या गल्लीबोळांत अशी यंत्रे हजारांनी चालत होती. स्कूटरच्या, पंपाच्या, ट्रकच्या पोटातले लहानसहान भाग त्यांनी काढले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर इथे मोठाले कारखाने आले हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कारखान्यांच्या मागच्या दाराशी जी छोटी छपरे उभी राहिली, त्यांच्याखाली कॅप्स्टन होते. मग संगणकावर चालणारी यंत्रे आली. ती अधिक चांगले काम करतात, याबद्दल माझी तक्रार नाही. आमचे कॅप्स्टन बीडाच्या भावाने, किलोवर गेले.

डाकोटाला नशीब चांगले लाभले. तिची पुस्तके छापलेली होती, तिच्यावर प्रेम करणारे जगभर होते. संग्रहालयांत जाऊन लोकांनी तिच्या घड्याळांची मापे घेतली, तिच्या इंजिनांचे आवाज टिपले. मायक्रोसॉफ्टने आपल्या सिम्युलेटरला चाळीस वर्षे झाली तेव्हा, २०२२ साली, सन्मानाने तिला पुन्हा आत बसवली. कॅप्स्टनचे पुस्तक आमच्यापैकी कोणी पाहिले नाही. ज्याने मला शिकवले तो बोलत नसे. तो कानाला हात लावून खूण करी, ऐक म्हणून. टूल धारदार असले की एक आवाज, बोथट होऊ लागले की दुसरा. चिपचा रंग बघ. हात चाकावर ठेव, धक्का बोटांना कळतो. एवढेच शिक्षण.

चाकणचा तरुण म्हणाला, "काका, डाकोटाची यादी आहे तशी तुमच्या मशीनची लिहा ना."

मी प्रथम हसण्यावारी नेले. मग एक शंभरपानी वही आणली. पहिली ओळ लिहिली: बाह्या वर दुमडा, गळ्यात मफलर असेल तर काढून ठेवा. ही ओळ लिहिताना मला एक माणूस आठवला, त्याचे नाव इथे नको. दुसरी ओळ: चक हाताने फिरवून पाहा. तिसरी: सळई सरळ आहे की नाही ते जमिनीवर लोळवून पाहा. आता मी चाळिसाव्या पानावर आहे, आणि पत्नी म्हणते, "अहो, विमानापेक्षा हे बरं. निदान रात्री झोपता तरी."

पण आवाज वहीत उतरेना. बोथट टूलचा आवाज कसा लिहायचा? कर्कश म्हणावे तर तो कर्कश नसतो. तो जरा कोरडा होतो, एवढेच. तीन पाने लिहून फाडली. शेवटी चाकणच्या तरुणाने एक चांगला माइक आणला, आणि एका गुरुवारी आम्ही भोसरीत निघालो. एका जुन्या शेडमध्ये एक कॅप्स्टन अजून चालतो असे डायमेकरने सांगितले होते. सुटीचा वार, पण तिथला म्हातारा ऑपरेटर थोड्या कामापुरता आला होता. त्याने माइककडे पाहिले, आमच्याकडे पाहिले.

"कशाला पाहिजे आवाज?"

मुलाने विमानांची, यादीची, वहीची सगळी हकीकत सांगितली. म्हाताऱ्याला त्यातले किती कळले कोण जाणे. त्याने सळई चकात धरली, टरेट पुढे घेतला. पहिल्या जॉबचा आवाज स्वच्छ आला. मुलगा कानाला यंत्र लावून मान हलवत होता.

"हा चांगल्या टूलचा," म्हातारा म्हणाला. "बोथट व्हायला तासभर तरी लागेल. थांबाल का?"

आम्ही दोन रिकामे खोके ओढले आणि बसलो.